प्रकल्पाधिष्ठित अध्ययन आणि ऑनलाइन सहयोगी साधने : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

‘प्रकल्प’ हा शब्द महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत इतका रुळला आहे की, त्याचा मूळ अर्थ काय होता हे विचारण्याची गरज आता कोणाला फारशी भासत नाही. सत्राच्या आरंभी विषयांची यादी फलकावर लागते, सत्राच्या अखेरीस झेरॉक्सच्या दुकानांत स्पायरल बाइंडिंगसाठी रांग लागते, आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी एकाच साच्यातील फायलींचा ढीग परीक्षकांसमोर येतो. प्रत्येक फाइलमध्ये प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, उद्दिष्टे व निष्कर्ष यथास्थित असतात. प्रकल्प मात्र शोधावा लागतो. स्पायरल बाइंडिंग हा आपल्या उच्च शिक्षणातील एक दुर्लक्षित जोडधंदा आहे, असे कोणी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती मानण्याचे कारण नाही.

या दुरवस्थेवरील उपाय म्हणून गेल्या दोन दशकांत ऑनलाइन सहयोगी साधनांचा पुरस्कार केला जात आहे. अनेकांनी एकाच वेळी लिहिता-दुरुस्त करता येणारा सामायिक दस्तऐवज, सामायिक तक्ता, विकी आणि आभासी वर्ग ही त्यांतील प्रमुख साधने होत. या पुरस्कारामागे एक गृहीतक आहे. साधन आले की सहकार्य येईल आणि सहकार्य आले की प्रकल्प जिवंत होईल, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके निवडण्याचे कारण असे की, प्रत्यक्ष कामातून शिकण्याची परंपरा येथे संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे आणि ऑनलाइन सहयोगाचा एक गंभीर प्रयोगही येथेच, शहरापासून दूर, झालेला आहे.

प्रश्नाची निकड अलीकडे वाढली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये जी श्रेयांक-रचना निश्चित केली, तीत क्षेत्र प्रकल्प, समाज-सहभाग आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले. पूर्वी प्रकल्प हा परीक्षेचा उपचार होता. आता तो पदवीचा भाग आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच आहे, त्याच्या पदवीपत्रात हे श्रेयांक खऱ्या कामाचे असतील की ढिगातील आणखी एका फायलीचे, हे आता ठरायचे आहे.

प्रकल्पाची जुनी कुळी

प्रकल्प पद्धतीचा सैद्धांतिक उगम सामान्यतः विल्यम किल्पॅट्रिक यांच्या १९१८ मधील निबंधापर्यंत आणि त्यामागील जॉन ड्यूई यांच्या विचारापर्यंत नेला जातो. किल्पॅट्रिक यांचा भर हेतूवर होता : विद्यार्थ्याने मनापासून स्वीकारलेला हेतू नसेल तर ती कृती प्रकल्प ठरत नाही. भारतात १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीमची मांडणी झाली व कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. कार्यानुभवाचे पुढे खडू आणि कागदी फुले झाले, हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

दौंड तालुक्यातील केडगाव येथील उदाहरण मात्र या चर्चेत सहसा येत नाही. पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकात तेथे मुक्ती सदन उभारले. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली व स्त्रिया तेथे विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय अशा अनेक कामांतून शिकत असत आणि त्यांत छापखानाही होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच परिसरात छापले गेले. ते पूर्णपणे प्रसिद्ध झाले १९२४ मध्ये, म्हणजे रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी. या कामाच्या धार्मिक बाजूशी प्रस्तुत विषयाचा संबंध नाही. संबंध आहे तो छापखान्यातील श्रमविभागणीशी. खिळे जुळवणारी एक, मुद्रिते तपासणारी दुसरी, यंत्रावर तिसरी असे छापखान्याचे काम चालते, आणि एकीची चूक दुसरीच्या हाती जाताच उघडी पडते. मुद्रितावरील शाईच्या खुणा म्हणजे कोणी काय दुरुस्त केले याची नोंदच असते. आजचा सामायिक दस्तऐवज जे देऊ करतो, त्याचे मर्म या खुणांत आहे.

पाबळ : काम आधी, साधन नंतर

शिरूर तालुक्याच्या पश्चिमेकडील पाबळ हे गाव इतिहासप्रेमींना मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असते. हा भाग कोरडवाहू व अवर्षणप्रवण. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे केंद्र म्हणून हे काम सुरू झाले. कलबाग हे उद्योगातील संशोधन सोडून आलेले शास्त्रज्ञ होते आणि औपचारिक शाळेत नापास ठरलेली मुले हाताने काम करताना उत्तम शिकतात, ही त्यांची भूमिका होती.

पाबळच्या पद्धतीची तीन अंगे या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. विद्यार्थ्यांनी करायचे काम हे गावाला हवे असलेले काम असते : जोडकाम, बांधकाम, माती तपासणी, रक्तातील हिमोग्लोबिन पाहणे, कुक्कुटपालन. दुसरे असे की, कामाची किंमत काढावी लागते. सामग्री किती, मजुरी किती, वाया गेलेले किती, हे कागदावर मांडल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानले जात नाही. तिसरे अंग अनुषंगाने येते. काम घेणारा ग्राहक हाच परीक्षक असतो आणि तो गुणांची खिरापत वाटत नाही. फाटकाची बिजागरी नीट बसली नाही तर ते फाटक परत येते. हीच पद्धत ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाच्या रूपाने माध्यमिक शाळांत गेली आणि अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन व गृह-आरोग्य अशा चार विभागांत आठवड्यातील एक दिवस काम करण्याची रचना त्यातून उभी राहिली.

येथपर्यंत संगणकाचा उल्लेख आलेला नाही, आणि तो मुद्दाम आणलेला नाही. २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. त्या संस्थेबाहेर निघालेल्या जगातील आरंभीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. तोपर्यंत पाबळकडे जवळजवळ वीस वर्षांची कामाची शिस्त होती. दुधाची प्रत कशी तपासावी, शेतीच्या इंजिनाचे मोजमाप कसे करावे, हे प्रश्न गावातून प्रयोगशाळेत गेले. प्रयोगशाळेतून गावात लादले गेले नाहीत. २००३ मध्ये कलबाग निवर्तले, तरी काम थांबले नाही.

पुढे फॅब अकादमी हा जगभर विखुरलेला अभ्यासक्रम सुरू झाला आणि विज्ञान आश्रम त्याचे एक केंद्र बनले. या अभ्यासक्रमाची रीत आपल्याकडील ‘ऑनलाइन शिक्षणा’च्या रूढ कल्पनेपेक्षा वेगळी आहे. आठवड्यातून एकदा सर्व देशांतील विद्यार्थी दूरदृश्य व्याख्यानाला एकत्र येतात. उरलेला आठवडा स्वतःच्या प्रयोगशाळेत यंत्रापाशी घालवतात. प्रत्येकाने आरंभीच आपले संकेतपान तयार करायचे आणि दर आठवड्याचे काम, त्यातील फसलेल्या प्रयत्नांसह, त्यावर नोंदवायचे. प्रत्येक बदलाची आवृत्ती जतन होते. स्थानिक मार्गदर्शक ती नोंद तपासतो, नंतर दुसऱ्या देशातील परीक्षक तपासतो. जळालेल्या सर्किटचे छायाचित्र या पानावर लाज म्हणून नव्हे, तर पुरावा म्हणून येते. पाबळमधील विद्यार्थ्याची नोंद युरोपातील एखादा अनोळखी विद्यार्थी वाचतो आणि तीच चूक टाळतो. सहयोग या शब्दाला येथे अर्थ आहे.

तथापि या प्रयोगाची मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अभ्यासक्रमाची भाषा इंग्रजी आहे, शुल्क सामान्य ग्रामीण कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि विद्यार्थिसंख्या मोजकी. तालुक्याच्या गावातील कला व वाणिज्य शाखेच्या शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गाला तो जसाच्या तसा उचलून लावता येणार नाही. घेण्याजोगी आहे ती नोंदीची रीत.

पुण्यातील २०११ चा अनुभव

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण पाबळपासून दोन तासांच्या अंतरावरचे आहे. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने आपल्या शैक्षणिक उपक्रमाचा भारतातील पथदर्शी टप्पा पुण्यात राबवला. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग पुणे, सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांसारख्या नामांकित संस्था त्यात होत्या. विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे आणि त्याचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरायचे, अशी योजना होती. साधन जगातील सर्वांत यशस्वी सहयोगी साधन होते, विद्यार्थी निवडक होते, इंटरनेट उपलब्ध होते. तरीही पुस्तकांतून व संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला मजकूर इतक्या प्रमाणात चढवला गेला की, जगभरातील स्वयंसेवी संपादकांना तो शोधून काढण्यातच आठवडे घालवावे लागले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा पथदर्शी टप्पा गुंडाळण्यात आला.

या अपयशाचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, विद्यार्थ्यांना स्वामित्वहक्काची कल्पना नव्हती आणि त्यांना मदत करणारे स्वयंसेवकही नवखे होते. हे खरे आहे, परंतु अपुरे आहे. ज्या परीक्षापद्धतीत पाठ्यपुस्तकातील परिच्छेद हुबेहूब उतरवणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात, तीत वाढलेल्या विद्यार्थ्याने विकिपीडियावरही तेच केले. तो अप्रामाणिक नव्हता, आज्ञाधारक होता. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. विषय अभ्यासक्रमातील संज्ञा होते. त्यांविषयी विद्यार्थ्याला स्वतःचे असे काहीही ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक करून घेण्यासाठी त्याला कोठे जावेही लागत नव्हते. पुस्तक हेच क्षेत्र असेल तर नक्कल हेच क्षेत्रकार्य ठरते.

या प्रसंगात साधनाने मात्र आपले काम चोख केले. स्पायरल फाइलमधील नक्कल कपाटात सुखाने नांदते. विकीवरील नक्कल अनोळखी वाचकाने पकडली, कारण प्रत्येक बदलाचा इतिहास तेथे उघडा असतो. म्हणजे ऑनलाइन साधनाने प्रकल्प खरा होत नाही. तो खोटा असेल तर ते उघड होते, एवढेच. हा लाभ लहान नाही, पण ज्या लाभाची जाहिरात केली जाते तो हा नव्हे.

इतिहास कोणाचा नोंदला जातो

आवृत्तींचा इतिहास न्याय्य असतो का, हा प्रश्न यापुढे येतो. सामायिक दस्तऐवज कोणी कोणते वाक्य कधी लिहिले हे दाखवतो. त्यामुळे गटप्रकल्पातील जुना अन्याय, म्हणजे एकाने राबायचे व पाचांनी नावे लावायची, दूर होईल अशी अपेक्षा केली जाते. प्रत्यक्षात तो इतिहास कामाची नोंद करत नाही, टंकलेखनाची करतो. उन्हात पाच वाड्या फिरून माहिती आणणाऱ्या मुलीचे नाव त्यात येत नाही. घरी बसून ती माहिती भरणाऱ्या मुलाचे येते. ज्याच्या हाती फोन, त्याच्या नावावर श्रम.

ही भीती काल्पनिक नाही. ग्रामीण भारतातील ‘असर’ २०२४ च्या पाहणीनुसार १४ ते १६ वयोगटातील ज्या मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांपैकी स्वतःचा फोन ३६.२ टक्के मुलग्यांकडे व २६.९ टक्के मुलींकडे होता. घरात फोन असणे आणि तो आपला असणे यांत जे अंतर आहे, ते २०२० च्या टाळेबंदीत प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. वडील कामावरून परतल्यावर रात्री तासभर हाती येणाऱ्या फोनवर ‘सहयोग’ करणाऱ्या विद्यार्थिनीचा वाटा यंत्र मोजते तेव्हा ते तटस्थ असते. न्यायी असतेच असे नाही.

पाबळची खर्चाची वही येथे उपयोगी पडते. तीत श्रमाला मोल असते, लेखनाला वेगळे मोल नसते. सामायिक दस्तऐवजाच्या पहिल्याच पानावर कोण कोठे गेले, किती वेळ लागला, कोणी मोजले, कोणी लिहून घेतले, याचा तक्ता असेल आणि क्षेत्रवहीच्या मूळ पानाचे छायाचित्र त्याखाली जोडलेले असेल, तर यंत्राचा इतिहास व माणसाचा इतिहास समोरासमोर ठेवता येतात. दोन्ही जुळत नसतील तेथे शिक्षकाने प्रश्न विचारावा. तोंडी परीक्षेला विचारण्याजोगा हा बहुधा पहिला खरा प्रश्न असेल.

भीमेचे दोन काठ

शिरूर व दौंड या तालुक्यांमधून भीमा वाहते. दक्षिणेकडे दौंडमध्ये खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी व ऊस आहे. पुण्याचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठाही याच टापूत भीमेला मिळते. उत्तरेकडे शिरूरमध्ये घोड धरण व चासकमानचा कालवा असला तरी पश्चिमेकडील पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा पट्टा पाण्यासाठी झगडत आला आहे. एका महाविद्यालयाला यातील एकच काठ दिसतो. दोन काठांवरील दोन महाविद्यालयांनी विहिरींच्या पाणीपातळीचा एक सामायिक तक्ता वर्षभर चालवला, तर जो प्रकल्प उभा राहील तो ऑनलाइन साधनावाचून शक्य नाही आणि तो कोठूनही उतरवून घेता येणार नाही.

अशा तक्त्याचे खरे शिक्षण बारीक तपशिलात आहे. विहिरीला कठडा असतो. एका गटाने कठड्याच्या माथ्यापासून दोरी सोडली व दुसऱ्याने जमिनीपासून मोजले, तर आकडे शेजारी ठेवताच तीन फुटांची तफावत दिसते. मोटार चालू असताना घेतलेली पातळी आणि रात्रभर विसावलेल्या विहिरीची पातळी यांत महदंतर असते. म्हणून मोटार केव्हा बंद केली, याचा रकाना हवा. जुना शेतकरी खोली परसांत सांगतो, मुले फुटांत लिहितात, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा मीटरमध्ये नोंदते. हे सारे एका तक्त्यात बसवताना दोन्ही गावच्या विद्यार्थ्यांना एकमेकांशी भांडावे लागेल. वर्गात शिकवून न समजणारी प्रमाणीकरणाची संकल्पना अशा भांडणात समजते. आणि पहिला वाचक परीक्षक नसून विहिरीचा मालक असेल, ज्याला आपल्या शेजारच्या गावात पाणी किती खोल गेले हे जाणून घ्यायचे आहे.

येथे साधनाची निवडही विचारपूर्वक करावी लागते. विकिपीडिया मूळ संशोधन स्वीकारत नाही. त्यामुळे विहिरीचे आकडे तेथे टाकता येणार नाहीत, साधा सामायिक तक्ता पुरेल. त्याच गावाच्या नदीघाटाचे वा मंदिराचे स्वतः काढलेले छायाचित्र मात्र विकिमीडिया कॉमन्सवर जाऊ शकते आणि १ मे २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियाला ते उपयोगी पडते. भाषेचा अडसर पूर्वीइतका राहिलेला नाही. शिवाजी, कृतिदेव अशा टंकांत जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताच रोमन अक्षरांचा कचरा दिसत असे. त्या काळात मराठीतून सामायिक लेखन ही कल्पनाच व्यर्थ होती. युनिकोडमुळे तो प्रश्न सुटला, तरी अनेक कार्यालयांत जुने टंक अजून तळ ठोकून आहेत आणि महाविद्यालयीन नियतकालिकेही त्याला अपवाद नाहीत.

राहता राहिला शिक्षक. वीस गटांच्या वीस दस्तऐवजांचा इतिहास दर आठवड्याला वाचायचा, प्रत्येकावर दोन ओळी लिहायच्या, दोन विहिरींना स्वतः भेट द्यायची, हे काम घड्याळी तासात मावत नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाला व्याख्यानाच्या तासाचे मानधन मिळते, दस्तऐवज वाचण्याच्या तासाचे नाही. श्रेयांक विद्यार्थ्याला मिळाले. ते तपासण्याचा वेळ कोणाच्याही कार्यभारात धरला गेला नाही, तर ऑनलाइन फाइल ही स्पायरल फाइलपेक्षा इतकीच वेगळी असेल की तिला झेरॉक्सचे पैसे पडणार नाहीत. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांनी क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक ठरवताना गटामागे अध्यापकाचे तासही ठरवणे, ही या संदर्भातील सर्वांत कमी तांत्रिक आणि सर्वांत तातडीची बाब आहे.

आणखी एक व्यावहारिक बाब. वर्गातील विकींसाठी जगभरच्या शिक्षकांनी वापरलेली विकिस्पेसेस ही सेवा २०१८-१९ मध्ये बंद झाली. गूगलचा जॅमबोर्ड हा सामायिक फळा २०२४ च्या अखेरीस बंद झाला. कंपनीची सेवा कंपनीच्या सोयीने चालते. दोन काठांवरील विहिरींचा तक्ता पाच-दहा वर्षे चालला तरच त्याला अर्थ आहे. म्हणून प्रत्येक सत्राच्या अखेरीस त्याची छापील प्रत दोन्ही महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत दाखल नोंदवहीत चढवून ठेवावी, आणि एक प्रत त्या त्या ग्रामपंचायतीकडे द्यावी.